नगरच्या संग्रहालयातलं रुपेरी भूत

नगरच्या रणगाडा संग्रहालयात शिरलं की पोरं आधी पॅटन रणगाड्याकडे पळतात. तोफेची लांब नळी, जाडजूड पट्टे आणि १९६५च्या भारत-पाक युद्धाची गोष्ट, फोटोला आणखी काय हवं? रोल्स-रॉइसची चिलखती गाडी तिथंच उभी असते, पण तिच्यापाशी गर्दी नसते. रोल्स-रॉइस म्हटल्यावर राजेरजवाडे डोळ्यांपुढे येतात. ही तर चाकांवर ठेवलेली लोखंडी तिजोरी दिसते. पण तिच्या पत्र्याखालची चौकट सिल्व्हर घोस्टची. त्याच जातीच्या चौकटीवर, पहिल्या महायुद्धाआधी दोन-तीन वर्षं, एकाच माणसाला बसता येईल अशी अरुंद शर्यतीची गाडी बांधली होती, हे सांगितलं तर पटणार नाही.

सिल्व्हर घोस्ट हे खरं एकाच गाडीचं नाव, पुढे सगळ्या जातीला चिकटलेलं. १९०७मध्ये कंपनीने एक गाडी अॅल्युमिनियमच्या रंगाने रंगवली, पितळी सामानावर चांदीचा मुलामा दिला आणि ती आवाज करत नाही म्हणून तिला ‘रुपेरी भूत’ म्हटलं. मग तिला लंडन-ग्लासगो रस्त्यावर हाकत सुटले. नाइलाजाने एकदाही न थांबता ती १४,३७१ मैल धावली. नंतर पंचांसमोर सगळी खोलून पाहिली, तर झिजलेले भाग बदलायला खर्च आला दोन पौंड, दोन शिलिंग आणि सात पेन्स. एवढ्यात त्या काळी टायरही आले नसते.

गुपित इंजिनात होतं. तीन-तीनच्या दोन गठ्ठ्यांत सहा सिलिंडर, सुमारे सात लिटरचं इंजिन, आणि ताकद किती, तर १,२५० फेऱ्यांना जेमतेम ४८ अश्वशक्ती. आजची लहानशी मोटारही याहून जास्त ताकद काढते. पण कंपनीचा एक संस्थापक रॉइस याने ताकद पिळून काढलीच नाही. क्रँकशाफ्टला सात बेअरिंगांचा आधार दिला, तेल दाबाने सगळीकडे पोचवलं आणि ठिणगीची सोय दुहेरी केली, म्हणजे एक दगा दे‌ईल तर दुसरी आहेच. चांगला बैल दिवसभर नांगर ओढून संध्याकाळी गाडीलाही जुंपता येतो, तसा हा प्रकार.

त्या वेळच्या शर्यतीही आजच्यासारख्या नव्हत्या. १९०८मध्ये मुंबई-कोल्हापूर चाचणीत याच जातीची एक गाडी सह्याद्रीचे घाट चढून-उतरून पहिली आली. ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी ती विकत घेतली आणि ती ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ म्हणून ओळखली गेली. करंजी घाटात रेडिएटर उकळून थांबलेल्या जीपमध्ये मी लहानपणी ताटकळलो आहे, त्यामुळे या विजयाचं मला आजही अप्रूप वाटतं.

पुढे प्रतिस्पर्धी नेपियर कंपनीने ईर्षेने एक पैज लावली: लंडन ते एडिंबरा आणि परत, सगळं टॉप गिअरमध्ये. १९११मध्ये रोल्सच्या गाडीने हे केलं आणि गॅलनमागे २४.३२ मैल दिले. नंतर ब्रुकलँड्सच्या शर्यतीच्या ट्रॅकवर ती ताशी ७८.२६ मैलांनी पळाली. एवढ्याने समाधान होईना, म्हणून त्याच जातीच्या चौकटीवर वाऱ्याला कमीत कमी आडवी येणारी, निमुळती एकआसनी बॉडी चढवली. चालक अर्नेस्ट हाइव्ह्ज. काटा १०१.८ मैलांवर गेला. शंभरी ओलांडणारी ही पहिली रोल्स-रॉइस.

१९१२मध्ये आल्प्समधल्या कात्शबर्ग घाटात मात्र मान खाली घालावी लागली. तीन गिअरची गाडी चढावर अडली. पुढच्या वर्षी चार गिअर लावून कंपनीने आल्प्स पालथे घातले. हरल्यावर तक्रार न करता गिअरपेटी बदलणं, ही माझ्या मते या गाडीच्या इतिहासातली सगळ्यात शहाणी गोष्ट.

१९१४मध्ये युद्ध भडकलं तेव्हा ब्रिटिश नौदलाच्या विमानदळाला भरोशाची चौकट हवी होती; ती सिल्व्हर घोस्टमध्ये सापडली. मागे दुहेरी चाकं, जाड स्प्रिंगा, फिरता बुरूज, आत व्हिकर्सची मशीनगन. वजन साडेचार टनांच्या घरात गेलं, तरी गाडी ताशी ४५ मैलांनी पळत असे. जी चौकट वाऱ्याला चिरायला निघाली होती, तीच आता गोळ्या झेलत वाळवंटात धावू लागली. भारतासाठी व्हिकर्सने १९२१मध्ये वेगळा नमुना बांधला. त्याच्या घुमटाकार बुरुजाला मशीनगनसाठी चार बाजूंना चार जागा होत्या आणि उन्हापासून बचाव म्हणून आतून अॅस्बेस्टॉसचं अस्तर होतं.

संग्रहालयातून बाहेर पडण्यापूर्वी सेंच्युरियन रणगाड्याकडे जरा नजर टाका. त्याचं मेटिऑर इंजिन रोल्स-रॉइसच्या मर्लिन या विमान-इंजिनावरून घडवलेलं. आणि दुसऱ्या महायुद्धात मर्लिन काढणाऱ्या त्या कारखान्याचा कारभार बघत होते, तेच ब्रुकलँड्सवर त्या अरुंद गाडीत अंग चोरून बसलेले अर्नेस्ट हाइव्ह्ज.