गिअर पडत नाही? गिअरबॉक्स खोलायला सांगण्याआधी एवढं तपासा



धंद्यासाठी पहिली मालवाहू गाडी घेताना आपल्यापैकी बहुतेक जण जुनीच घेतात, आणि ते बरोबरही आहे. नवीन गाडीचा हप्ता पहिल्या दिवसापासून डोक्यावर बसतो. पण जुनी गाडी घेतली की एक दिवस येतोच. सकाळी माल भरलेला असतो, गिऱ्हाईकाचे फोन सुरू असतात आणि ड्रायव्हर म्हणतो, "गिअर पडत नाहीये."

त्या दिवशी काय करायचं, यावर आजचा लेख आहे. मी मेकॅनिक नाही. माझं दुकान बांधकाम साहित्याचं आहे. पण या एका विषयात मी स्वतःचे पैसे घालवून शिकलोय, तेच तुम्हाला फुकट सांगतो.

माझी चूक काय झाली?

काही वर्षांपूर्वी आमच्या दुकानाच्या छोट्या ट्रकचा गिअर जड झाला. पहिला आणि रिव्हर्स टाकताना खर्रर्र आवाज यायचा. मी गॅरेजला गेलो आणि ऐटीत सांगितलं, "गिअरबॉक्स गेलाय, खोलून घ्या."

मेकॅनिकने खोलला. दोन बेअरिंग बदलली, सिंक्रोच्या रिंगा बदलल्या, सील बदलले. ३१ हजारांचं बिल झालं आणि ६ दिवस गाडी उभी राहिली. त्या ६ दिवसांत भाड्याच्या टेम्पोला रोज अडीच हजार, म्हणजे वरचे १५ हजार. त्यात एका ठेकेदाराच्या स्लॅबच्या दिवशी भाड्याचा टेम्पो वेळेवर मिळाला नाही आणि सिमेंट उशिरा पोचलं. स्लॅबच्या दिवशी उशीर म्हणजे काय, हे बांधकामवाल्यांना सांगायला नको. तो ठेकेदार परत आमच्याकडे आला नाही.

गाडी बाहेर आली आणि चौथ्या दिवशी पुन्हा तोच आवाज.

मग एका वयस्कर मेकॅनिककडे गेलो. त्यांनी पाना हातात घेतलाच नाही. एकच प्रश्न विचारला, "इंजिन बंद ठेवून गिअर पडतात का?" आम्ही टाकून बघितले, तर लोण्यासारखे पडले. ते म्हणाले, "मग बॉक्सला काय झालंय? क्लच सुटत नाहीये तुमचा."

क्लचच्या खालच्या सिलिंडरचं रबर गेलं होतं. किट, क्लच ऑईल आणि मजुरी धरून ११५० रुपये झाले.

आमचे ड्रायव्हर मामा शेजारी उभे होते. म्हणाले, "मालक, गेले दोन महिने दर आठवड्याला मी क्लचचं ऑईल टाकतोय." मी म्हटलं, "मामा, मग सांगितलं का नाही?" ते म्हणाले, "तुम्ही विचारलंच नाही."

पहिल्या मेकॅनिकला मी दोष देत नाही. त्याने मी सांगितलं तेच केलं. दुखणं काय आहे ते सांगायचं सोडून मी त्याला औषधच सांगितलं होतं.

गिअर टाकताना आत काय होतं?

इंजिन सतत फिरत असतं. क्लच दाबला की इंजिन आणि गिअरबॉक्स यांचा संबंध तुटतो. मग लिव्हर रॉडमधून किंवा केबलमधून गिअरबॉक्समधल्या फोर्कला ढकलतो आणि हवा तो गिअर जोडला जातो.

जत्रेतला पाळणा आठवा. थांबलेल्या पाळण्यात बसायला काही त्रास नाही. फिरत्या पाळण्यात बसायला गेलात तर लागणारच. क्लच पूर्ण सुटला नाही की गिअरबॉक्सचा शाफ्ट फिरत राहतो आणि दात दातावर आपटतात. आवाज गिअरबॉक्समधून येतो, पण दोष क्लचचा असतो.

म्हणजे बिघाडाच्या जागा तीन: क्लच, लिव्हरची जोडणी आणि गिअरबॉक्स. पहिल्या दोन बाहेरूनच बऱ्याच तपासता येतात. तिसरी सगळ्यात महाग. म्हणून तपासायचा क्रमही हाच.

सहा तपासण्या

गाडी सपाट जागेवर घ्या, हँडब्रेक लावा, चाकांना दगड लावा आणि पुढे-मागे कोणी उभं नाही ना ते बघा.

१. इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाका. सगळे सहज पडले आणि इंजिन चालू केल्यावर अडले, तर संशय क्लचवर. इंजिन बंद असतानाही जड पडत असतील, तर जोडणी किंवा गिअरबॉक्स. एखादाच गिअर अडला तर लगेच घाबरू नका. कधी दातावर दात येतो. चाकाचे दगड काढून गाडी वीतभर ढकला आणि पुन्हा बघा.

२. रिव्हर्सची परीक्षा. इंजिन चालू, गाडी न्यूट्रलला. क्लच पूर्ण दाबून मनात पाच-सहा आकडे मोजा, मग हळूच रिव्हर्स टाका. क्लच नीट सुटत असेल तर तेवढ्या वेळात आतला शाफ्ट थांबतो आणि गिअर शांतपणे पडतो. तरीही खर्रर्र झालं, तर क्लच पूर्ण सुटत नाहीये.

३. क्लच ऑईल आणि पेडल. क्लच ऑईलवर चालणारा असेल तर डबीतली पातळी बघा. हे ऑईल इंजिन ऑईलसारखं जळून कमी होत नाही. वारंवार टाकावं लागतंय म्हणजे कुठेतरी गळतंय. वरच्या सिलिंडरजवळ पेडलमागे आणि खालच्या सिलिंडरजवळ ओल आहे का ते हात लावून बघा. पेडल दोन-तीन वेळा भरभर दाबल्यावरच गिअर पडत असेल, तर लाइनमध्ये हवा शिरलेली असू शकते किंवा सिलिंडरचं रबर गेलेलं असू शकतं. क्लच केबलचा असेल तर केबलच्या तारा तुटायला लागल्यात का आणि पेडलचा फ्री प्ले गाडीच्या पुस्तकातल्या मापाप्रमाणे आहे का, ते बघा.

४. लिव्हर आणि जोडणी. लिव्हर खूप हलतोय, गिअर नेमका कुठे आहे ते कळत नाही, तिसऱ्याऐवजी पहिला पडतो? एकाला लिव्हर हलवायला सांगा आणि तुम्ही बाहेरून रॉड किंवा केबलचं टोक बघा. लिव्हर हलतोय पण टोक उशिरा हलतंय, तर बुश झिजलेत. ही कामं शेकड्यांत होतात, हजारांत नाही. इंजिन आणि गिअरबॉक्सची माउंटिंग रबरंही बघून घ्या.

५. गिअर ऑईल. गिअरबॉक्सच्या बाजूला भरायचा प्लग असतो. बहुतेक गाड्यांत ऑईल त्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत लागतं. कमी असेल तर नुसतं भरून गप्प बसू नका, कुठून गेलं ते शोधा. ग्रेड गाडीच्या पुस्तकात लिहिलाय तोच वापरा. जीएल-४ लिहिलं असताना "हे भारी आहे" म्हणून दुकानदाराने दिलेलं जीएल-५ घालू नका. त्यातली काही ऑईलं सिंक्रोच्या पितळी रिंगांना मानवत नाहीत. सकाळी थंड असताना गिअर जड आणि चार-पाच किलोमीटरनंतर मोकळा, असं असेल तर आधी ऑईलच तपासा.

६. काढलेलं ऑईल बघा. ऑईल बदलताना तिथे स्वतः उभे राहा. ड्रेन प्लगला बऱ्याचदा लोहचुंबक असतं. त्याला बारीक काळा चिखल लागलेला असतो, ते चालतं. पिवळी चमक दिसली तर सिंक्रोच्या रिंगा झिजतायत. लोखंडाचे तुकडे निघाले तर मात्र गिअरबॉक्स खोलायची वेळ आली आहे. गाडी तशीच चालवून खर्च वाढवू नका.

लक्षणावरून अंदाज

– सगळेच गिअर खरखरतात: आधी क्लच.
– एकच गिअर चालत्या गाडीत खरखरतो: त्या गिअरचा सिंक्रो.
– खड्ड्यात किंवा ॲक्सिलरेटर सोडल्यावर गिअर आपोआप सुटतो: जोडणी, माउंटिंग, आतला फोर्क, लॉकची स्प्रिंग किंवा झिजलेले दात. भरलेल्या गाडीत हे धोक्याचं आहे, दुरुस्त केल्याशिवाय घाटात नेऊ नका.
– क्लच दाबल्यावर आवाज सुरू होतो: रिलीज बेअरिंग.
– न्यूट्रलला आवाज येतो आणि क्लच दाबल्यावर थांबतो: गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टचं बेअरिंग.
– चढाला इंजिन ओरडतं पण गाडी ओढत नाही: क्लच प्लेट घसरतेय.

गाडी ऑटोमॅटिक असेल तर?

आपल्याकडच्या जुन्या मालवाहू गाड्या बहुतेक हातगिअरच्याच आहेत. पण आता प्रवासी गाड्यांत ऑटोमॅटिक वाढतायत आणि तुमच्यापैकी काही जण गॅरेजचाच धंदा करू पाहतायत. तिथेही हाच नियम: स्वस्त आणि बाहेरचं आधी. पहिल्यांदा ऑईलची पातळी, रंग आणि वास. काळं पडलेलं, जळका वास येणारं ऑईल म्हणजे आतल्या क्लच प्लेटा जळल्याची शक्यता. मग स्कॅनर लावून कोड वाचा, वायरिंग आणि कनेक्टर बघा, सोलेनॉइड तपासा. बॉक्स उतरवायचा तो सगळ्यात शेवटी.

मेकॅनिकशी कसं बोलायचं?

"गिअरबॉक्स गेलाय" म्हणू नका. असं सांगा: "पहिला आणि रिव्हर्स खरखरतो. इंजिन बंद असताना नीट पडतो. दोन महिन्यांपासून होतंय. क्लच ऑईल दर आठवड्याला कमी होतं." एवढ्या माहितीवर चांगला मेकॅनिक निम्मं काम उभ्या उभ्या करतो.

त्याला आधी ड्रायव्हरला विचारा. गाडीत दिवसभर तोच असतो. शक्यतो गाडीतच एक वही ठेवा: तारीख, किलोमीटर, काय टाकलं, काय वेगळं वाटलं.

खोलायचंच ठरलं तर अंदाज लिहून घ्या आणि जुने पार्ट परत मागा. क्लच प्लेटसाठी गिअरबॉक्स उतरवणार असाल तर रिलीज बेअरिंग, पुढचं पायलट बेअरिंग आणि सील त्याच वेळी बघून घ्या. उतरवायची मजुरी तीच लागते, दोनदा कशाला द्यायची?

आणि ड्रायव्हरला दोन सवयी सोडायला सांगा: क्लचवर पाय ठेवून चालवणं आणि गिअरच्या लिव्हरवर हात ठेवून बसणं. पहिलीने रिलीज बेअरिंग जातं, दुसरीने आतला फोर्क झिजतो.

शेवटी हिशोब

दुरुस्तीचा खर्च म्हणजे फक्त गॅरेजचं बिल नाही. गाडी उभी राहिलेले दिवस आणि न पोचलेला माल हाही खर्चच आहे. माझं बिल ३१ हजारांचं होतं, नुकसान ४६ हजारांचं झालं, आणि एक ठेकेदार गेला तो वेगळाच. तेव्हापासून मी प्रत्येक फेरीमागे १०० रुपये गाडीच्या डब्यात टाकतो. त्या पैशाला घरखर्चासाठी हात लावायचा नाही, हा आमच्या घरातला नियम आहे.

आज एक काम करा. गाडी असेल तर संध्याकाळी ड्रायव्हरजवळ दहा मिनिटं बसा आणि विचारा, "गाडीत अलीकडे काय वेगळं वाटतंय?" गाडी घ्यायची असेल तर पहिल्या दोन तपासण्या सौदा ठरवण्याआधी करा. विकणारा "थोडा जड आहे, बाकी काही नाही" म्हणाला, तर तो जडपणा कुठला आहे हे आता तुम्हाला कळेल, आणि किंमत त्याप्रमाणे बोलता येईल.

भेटूया पुढच्या लेखात. तोपर्यंत धंदा सांभाळा, गाडीही सांभाळा.