रक्तपेशीचे चार महिने

मानवी शरीरात ढोबळमानाने दोनशे प्रकारच्या पेशी आहेत आणि त्या सगळ्या एकाच फलित बीजाच्या विभाजनातून निर्माण झालेल्या असतात, ही गोष्ट शाळेतच शिकवली जात असली, तरी तिच्यातले खरे नवल सहसा ध्यानात येत नाही. त्वचेची, यकृताची, मेंदूची पेशी रूपाने आणि कामाने एकमेकींपासून कितीही दूर असल्या, तरी त्यांच्या केंद्रकातील आनुवंशिक मजकूर, म्हणजे जनुकांचा संच, जवळपास तोच असतो. फरक पडतो तो कोणती जनुके चालू राहिली आणि कोणती बंद झाली यामुळे. सर्वसाधारण पेशीची अशा रीतीने ठरावीक कामाची पेशी बनण्याच्या क्रियेला विभेदन म्हणतात. या विभेदनाचा सर्वांत बोलका पुरावा विदर्भाच्या फार जवळचा आहे, आणि तो सिकलसेल या आजारात सापडतो.

सिकल म्हणजे विळा. वाशीम जिल्ह्यातील मानोरा तालुक्यात दसऱ्याच्या सुमारास सोयाबीन सोंगायला जो विळा हाती घेतला जातो, त्याच्या पात्यासारखी वाकडी झालेली तांबडी रक्तपेशी या आजारात सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. शिकागो येथील डॉक्टर जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये अशा पेशींचे वर्णन प्रथम प्रसिद्ध केले. मध्य भारतात हा दोष आढळत असल्याचे शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात नोंदवले. आज विदर्भातील अनेक गावांत ‘एएस पॅटर्न’ (वाहक) आणि ‘एसएस पॅटर्न’ (रुग्ण) हे शब्द घरोघरच्या बोलण्यात रुळले आहेत.

तांबडी पेशी कशी घडते हे पाहिले म्हणजे विभेदन किती टोकाला जाऊ शकते ते कळते. हाडांच्या पोकळीतील मऊ गराला, म्हणजे अस्थिमज्जेला, रक्ताचा कारखाना म्हणता येईल. तेथील मूलपेशींचे वैशिष्ट्य असे की, विभाजनानंतर काही पेशी मूलपेशीच राहतात, तर काही रक्तपेशी होण्याच्या वाटेला लागतात. ज्या पेशीला तांबडी पेशी व्हायचे असते, ती ऑक्सिजन वाहून नेणारे हिमोग्लोबिन हे प्रथिन इतक्या प्रमाणात बनवते की अखेरीस एकेका पेशीत त्याचे सुमारे २७ कोटी रेणू साठतात. त्यानंतर ती आपले केंद्रकच बाहेर टाकते, शेजारची भक्षक पेशी ते गिळून टाकते, आणि मध्ये खोलगट, चकतीसारखी लवचिक पेशी रक्तप्रवाहात उतरते. केंद्रक नसल्यामुळे तिला स्वतःची डागडुजी करता येत नाही आणि तिचे विभाजनही होत नाही. सुमारे १२० दिवस ती आपल्याहून अरुंद केशवाहिन्यांतून अंग मुडपून फिरते आणि मग प्लीहा व यकृतात मोडली जाते. तिच्यातील लोह मात्र पुन्हा मज्जेकडे जाऊन नव्या पेशीत वापरले जाते. ही झीज भरून काढण्यासाठी मज्जेला दर सेकंदाला वीस लाखांहून अधिक तांबड्या पेशी तयार कराव्या लागतात.

सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या जनुकात एकच अक्षर बदललेले असते आणि त्यामुळे प्रथिनाच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. महत्त्वाची गोष्ट अशी की, हा बदल रुग्णाच्या केंद्रक असलेल्या प्रत्येक पेशीत असतो, डोळ्याच्या आणि मेंदूच्या पेशीतही. परंतु तेथे ते जनुक मिटलेले असल्याने तो निरुपद्रवी राहतो. दोष सर्वत्र असूनही भोगावा लागतो तो रक्तपेशीला, कारण ते पान उघडून वाचणारी पेशी तीच. ऑक्सिजन सोडल्यावर सदोष हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून त्यांचे ताठ दोर बनतात, पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि हाडांत असह्य वेदना उठतात. अशी पेशी १२० ऐवजी १० ते २० दिवसच टिकते. मज्जा कितीही राबली तरी तूट भरत नाही, म्हणून रक्त कमी पडते, आणि मोडलेल्या पेशींच्या पिवळ्या रंगद्रव्याने डोळे पिवळे होतात, ज्याला घरचे लोक कावीळ समजतात.

जनुके काळानुसारही उघडतात आणि मिटतात. गर्भात बाळाचे हिमोग्लोबिन निराळे असते, त्याचे जनुक जन्मानंतर हळूहळू बंद होते. म्हणूनच पहिले काही महिने बाळाला त्रास जाणवत नाही. हायड्रॉक्सीयुरिया हे औषध गर्भावस्थेतील या हिमोग्लोबिनचे प्रमाण वाढवते, तर ब्रिटन आणि अमेरिकेत २०२३ च्या अखेरीस मंजूर झालेल्या उपचारात रुग्णाच्याच मूलपेशींत बदल करून ते मिटलेले जनुक पुन्हा कामाला लावले जाते. हा उपचार आज सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर आहे.

निरोगी तांबडी पेशी चार महिने जगते, पण सर्व पेशींचे आयुष्य सारखे नसते. आतड्याचे अस्तर तीन ते पाच दिवसांत बदलते, त्वचेच्या बाह्य थराला सुमारे महिना लागतो. हृदयाच्या स्नायूपेशी मात्र तरुणपणीही वर्षाला सुमारे एक टक्काच नव्या होतात, आणि मेंदूतील बहुतेक चेतापेशी जन्मभर त्याच राहतात. मज्जेच्या या अथक कामाची कदर वाटायला एवढी तुलना पुरे आहे.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत सिकलसेलच्या तपासणीवर भर आहे. प्राथमिक चाचणी अगदी साधी असते: बोटातून घेतलेला रक्ताचा थेंब नळीतील द्रावणात टाकतात, आणि नळीमागे धरलेल्या कागदावरच्या रेघा दिसेनाशा होण्याइतके द्रावण गढूळ झाले तर इलेक्ट्रोफोरेसिससारख्या पुढील तपासणीने पॅटर्न निश्चित करतात. एएस व्यक्ती, म्हणजे वाहक, साधारणपणे निरोगी आयुष्य जगते. पण आईवडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात एसएस मूल होण्याची शक्यता चारात एक असते. म्हणून लग्न ठरवण्यापूर्वी मुलगा आणि मुलगी दोघांनीही ही तपासणी करून घ्यावी. रक्तपेशी दर चार महिन्यांनी नव्या होत असल्या, तरी पॅटर्न बदलत नाही. नीट झालेली तपासणी आयुष्यात एकदाच पुरते.