हातपाय काटक, पण काळजाभोवती चरबी?

शेतकरी बंधू-भगिनींनो, हातपाय काटक आहेत म्हणून निर्धास्त राहू नका. हृदयाभोवती थोडी चरबी प्रत्येकालाच असते. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या तिच्यातूनच जातात; मध्ये पडदा नसतो. ती वाढली की तिच्यातली दाह वाढवणारी द्रव्ये थेट धमनीपर्यंत पोचू शकतात अन् आत थर साचायला हातभार लागतो. ही चरबी वरून दिसत नाही. पण सुटलेलं पोट ही तिची खूण असू शकते. टेप घ्या, कंबर मोजा. पुरुषांची ९०, बायांची ८० सेंटिमीटरच्या वर गेली, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाब, साखर तपासून घ्या. सरपंच, ग्रामसेवकांनी ग्रामसभेच्या दिवशीच तपासणी ठेवावी. मोटारसायकल आली अन् चालणं सुटलं. शेतावर पायी जा. छातीत कळ आली तर ‘गॅस झाला’ म्हणत घरी बसू नका. लगेच १०८ ला फोन लावा.