पायऱ्या उतरून भेटणारी आई

सप्तशृंगीला, माहूरला देवीसाठी गड चढावा लागतो. तुळजापुरात उतरावे लागते. गाव बालाघाटाच्या कड्यावर आणि भवानीचे देऊळ त्याच्या उतारावर, खोलगट जागी. या मंदिराची सारी घडण त्या उतारातून आली आहे.

बाजारातून राजे शहाजी महाद्वारात शिरले की दगडी पायऱ्या सुरू होतात. वाटेत कल्लोळ तीर्थ आणि गोमुख तीर्थ. डोंगरउतारावर झिरपणारे पाणी गोमुखातून पडते, तिथे हातपाय धुऊन भाविक पुढे जातो. मग सिद्धिविनायकाचे दर्शन, त्यापुढे सरदार निंबाळकर दरवाजा आणि आत ओवऱ्यांनी वेढलेले फरसबंद आवार. देवळासमोर होमकुंड आहे. पाणी, गणपती, दरवाजा, होम आणि मग आई, असा हा क्रम आहे. दर्शनाची तयारी वास्तूच करून घेते.

मूळ मंदिर हेमाडपंती वळणाचे मानले जाते. घडीव दगड एकमेकांत बसवून, चुन्यावर फारसे न विसंबता उभारण्याची ही रीत. यादवांचा मंत्री हेमाद्री याचे नाव तिला चिकटले असले, तरी रीत त्याच्याही आधीची आहे. पुढच्या शतकांत दरवाजे, ओवऱ्या, शिखर यांची भर पडत गेली. सरदारांची नावे दरवाजांना लागली. त्यामुळे या देवळाला एकच वय नाही.

गाभाऱ्यातली मूर्ती काळ्या पाषाणाची, अष्टभुजा महिषासुरमर्दिनीची. तिचे वैशिष्ट्य असे, की ती चल आहे, सिंहासनावरून हलवता येते. सभामंडपालगत देवीचे शेजघर आहे. वर्षातून तीनदा देवी निद्रेला जाते: शारदीय नवरात्राआधी, दसऱ्यानंतर आणि पौषातल्या शाकंभरी नवरात्राआधी. दसऱ्याच्या सीमोल्लंघनात तिला साड्यांच्या घड्यांत जपून गुंडाळतात आणि पालखीतून मंदिराभोवती मिरवतात. ही पालखी आणि पलंग अहिल्यानगरकडून येतात. त्या पलंगावर आई कोजागिरीपर्यंत विसावते. म्हणूनच इथले आवार नुसते रिकामे अंगण नाही. देवी स्वतः तिथे येते, त्यासाठी ती जागा राखलेली आहे.

१६५९ मध्ये अफझलखान चालून आला तेव्हा भवानीला उपद्रव झाल्याचे सभासद बखर सांगते. मूर्ती वेळीच हलवून लपवली होती, अशी इथली श्रद्धा आहे. १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी प्रतापगडावर भवानीची स्थापना केली. तुळजापूरची वाट त्यानंतरही चालूच राहिली. आजही आराधी, गोंधळी, पोतवाले 'आई राजा उदो उदो' म्हणत तीच वाट उतरतात.

मे २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तुळजापूरसाठी १,८६५ कोटी रुपयांच्या विकास आराखड्याला मंजुरी दिली. गर्दी पाहता सोयी हव्यातच. रांगांची व्यवस्था, स्वच्छ पाणी, म्हाताऱ्या माणसांना सुखाने दर्शन, हे भाविकांचे हक्काचे आहे. पण वाहनतळ आणि दर्शनमंडप बाहेर बांधता येतात. तीर्थापासून गाभाऱ्यापर्यंतचा उताराचा क्रम मात्र एकदा मोडला तर पुन्हा बांधता येणार नाही. मूळ दगडावर नंतर चढवलेला रंग आणि फरशा काढाव्यात, निखळलेले चिरे जाणकार पाथरवटाकडून बसवावेत, आणि पायऱ्या, तीर्थे, ओवऱ्या यांनाही गाभाऱ्याइतकेच पवित्र मानून जपावे. आराखड्याच्या प्रत्येक कामाला ही पहिली अट असायला हवी.