पेंड चालते, बियाणं नाही
मृग लागायच्या आधी लातूरकडच्या मुरुडसारख्या सोयाबीनच्या गावांत घरोघरी एक परीक्षा होते. पोत्यातले 100 दाणे मोजायचे, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडायचे, गुंडाळून सावलीत ठेवायचे. पाच-सहा दिवसांनी उलगडून कोंब मोजायचे. 70 निघाले की घरचं बियाणं पास. कमी निघाले तर एकरी बियाणं वाढवायचं. सोयाबीनच्या फुलात परागीभवन आपल्या आपण होतं, म्हणून दाणा पुढच्या वर्षीही वाण सोडत नाही. संकरित कपाशीचं तसं नाही, तिथे दरवर्षी नवं पाकीट.

अमेरिकेतलं सोयाबीन मात्र वेगळं: तिथे 1996 पासून पेरतात त्यात मातीतल्या एका जिवाणूचं जनुक घातलेलं आहे. ग्लायफोसेट हे तणनाशक रोपातलं एक विकर बंद पाडतं, मग रोपाला काही अत्यावश्यक अमिनो आम्लं बनवता येत नाहीत. जिवाणूचं विकर या औषधाला दाद देत नाही. फवारलं की तण जळतं, पीक उभं राहतं. खुरपणीला माणसं शोधून दमलेल्याला याचा मोह पडणारच. खुरप्यावर रोज कमावणाऱ्या बायांना मात्र असं बियाणं आणावं की नाही या वादात कुणी काही विचारलेलं नाही.

भारतात हे बियाणं पेरायला परवानगी नाही. तरी ऑगस्ट 2021 मध्ये केंद्राने अशाच सोयाबीनची 12 लाख टन पेंड कोंबड्यांच्या खाद्यासाठी आणू दिली. पेंडीत उगवणारं काही नसतं, हा युक्तिवाद शास्त्राला धरून आहे. पण सोयाबीनचा भाव क्विंटलला 10 हजारांवर पोचला होता तेव्हाच हे सुचलं. पुढे भाव कोसळला. नवा मालही तोंडावर होता, हे खरं. तरी जे आपल्याला पिकवू देत नाहीत तेच बाहेरून आणतात, हा शेतकऱ्याचा राग मला रास्त वाटतो.

मुळात दाणा कुणाचा? इंडियानातल्या व्हर्नन बोमन या शेतकऱ्याने धान्य म्हणून विकत घेतलेलं सोयाबीन पेरलं, आलेल्या पिकातलं बियाणं राखून पुन्हा पेरलं. ते जनुक घातलेलं बियाणं बनवणाऱ्या मोन्सॅन्टो कंपनीने पेटंटवरून खटला भरला आणि मे 2013 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. आपल्याकडे पेटंट कायद्यात बियाण्याला पेटंट नाही आणि 2001 च्या पीकवाण संरक्षण कायद्याने शेतकऱ्याला बियाणं राखायचा, पेरायचा, वाटायचा, विकायचाही हक्क दिला आहे. शेजाऱ्याला पोतंभर विकलं तरी चालतं. पोत्यावर ब्रँडचं नाव मात्र नको.