पुढची सतरंजी ज्येष्ठांसाठी

लोह्याच्या परिसरात गाणे ऐकण्याची हौस म्हटली की प्रथम आठवते ती मार्गशीर्षातील माळेगावची खंडोबाची यात्रा. वाघ्या-मुरळी, लावणी, पाळणे आणि चहूकडून कर्णे! तेथून परतलेले आजोबा ‘काही उमगले नाही, नुसता गलका’ असे म्हणाले, तर त्यांची गाण्यातील रुची संपली असे घरच्यांनी समजू नये. रुची बहुधा शाबूत असते. अडचण कानाची असते, आणि जागेचीही.

वार्धक्यात श्रवणशक्ती सर्वत्र सारखी उतरत नाही. बारीक, उच्च पट्टीचे ध्वनी आधी निसटतात. स्वर ऐकू येतात, परंतु ‘साल’ की ‘चाल’ हे कळेनासे होते. आवाज वाढवल्याने हा दोष जात नाही. उलट दुबळ्या कानाला मोठा आवाज लवकर टोचतो.

अशा कानाला मानवते ती छोटी, ध्वनिवर्धकाविना रंगणारी बैठक. स्वतःच रचावे आणि स्वतःच गावे, ही परंपरा नांदेड जिल्ह्याला नवी नाही. दासगणू महाराजांचा (१८६८–१९६२) जन्म अकोळनेरचा. पोलिसातील नोकरी सोडल्यावर ते नांदेडला राहिले आणि त्यांची समाधी याच जिल्ह्यात गोरटे येथे आहे. संतचरित्रांवरील आख्याने ते स्वतः रचत आणि कीर्तनात उभे राहून गात. नारदीय कीर्तनाला लागते तरी किती? हाती चिपळ्या, साथीला पेटी-तबला, समोर मंदिराचा सभामंडप. श्रोता इतका निकट असतो की कीर्तनकाराचे ओठ दिसतात. कानाला न गवसलेले अक्षर डोळे पुरवतात. शिवाय पद गाण्याआधी त्याचा प्रसंग गद्यात सांगितलेला असल्याने शब्दांचा अंदाज बांधणे सोपे जाते. आजच्या तरुण कवी-गायकांनी गिटार घेऊन बसावे, परंतु निरूपणाची ही रीत सोडू नये, असे मला वाटते.

ज्येष्ठांना अशा मैफिलीस नेताना जागा नीट निवडावी. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे सहा डेसिबलने उतरतो, म्हणून पुढची सतरंजी त्यांची. पंख्याखाली वा दाराशी बसवू नये. बरा कान गायकाकडे असावा. गुडघे दुखत असल्यास पाठीची खुर्ची मागून घ्यावी, त्यात संकोच कसला! दीर्घकाळ बसल्यावर एकदम उठल्यास रक्तदाब उतरून तोल जातो. आधी पाय हलवावेत, मग हात धरून उठावे. स्वच्छतागृह कोठे आहे ते जाण्यापूर्वीच पाहून ठेवावे. या एका चिंतेपायी कित्येक आजी घराबाहेरच पडत नाहीत.

हा विषय केवळ करमणुकीचा नाही. स्मृतिभ्रंशाच्या ज्या जोखमींवर उपाय करता येतो, त्यांत श्रवणदोष ही मोठी जोखीम असल्याचे लॅन्सेट आयोगाने २०२० मध्ये नमूद केले. ऐकू न येणारा माणूस प्रथम बैठक टाळतो, मग गप्पा, आणि हळूहळू माणसे. म्हणून कानाची तपासणी पुढे ढकलू नये. कधी नुसता मळ साचलेला असतो. तो डॉक्टरांकडूनच काढून घ्यावा, काडी घालू नये. श्रवणयंत्र लागलेच, तर २०१७ पासूनच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत अल्प उत्पन्नाच्या ज्येष्ठांना ते विनामूल्य मिळण्याची तरतूद आहे. नवे यंत्र मात्र थेट मैफिलीत लावून नेऊ नये. आधी काही आठवडे घरातील शांत गप्पांत त्याची सवय होऊ द्यावी.