एका श्वासाची बुडी : खोल पाण्यातील क्रीडा आणि तिचे शिक्षण

मोत्यांचे शिंपले, स्पंज आणि समुद्रतळावरील अन्न यांसाठी श्वास रोखून बुडी मारणारे लोक जगाच्या अनेक किनाऱ्यांवर पूर्वापार होऊन गेले. मन्नारच्या आखातातील मोती काढणारे पाणबुडे, जपानच्या ‘आमा’ स्त्रिया आणि कोरियातील जेजू बेटावरील ‘हेन्यो’ ही त्यांची ठळक उदाहरणे होत. हेन्योंच्या परंपरेची नोंद युनेस्कोने २०१६ मध्ये आपल्या सांस्कृतिक वारशाच्या सूचीत केली. पोटासाठी चालणाऱ्या या व्यवसायातूनच पुढे एक स्पर्धात्मक क्रीडाप्रकार उभा राहिला. १९४९ मध्ये रायमोंदो बुखर या इटालियन वैमानिकाने पैज लावून सुमारे ३० मीटर खोल बुडी मारली, तेव्हा पाण्याच्या दाबाने त्याची छाती चिरडून जाईल असे जाणकार सांगत होते. तो सुखरूप वर आला. १९७६ मध्ये फ्रान्सचा झाक मायोल वजनाच्या साहाय्याने एल्बा बेटाजवळ १०० मीटरपर्यंत उतरला. आणि २०१० मध्ये न्यूझीलंडच्या विल्यम ट्रब्रिजने बहामातील ‘डीन्स ब्लू होल’ या सागरी विवरात, पायांत वल्ह्यासारखी पट्टीही न बांधता, केवळ हातापायांच्या बळावर १०१ मीटरचा पल्ला गाठला.

जाणकारांची भीती निराधार नव्हती. पाण्यात दर १० मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. पृष्ठभागावर छातीत सहा लिटर हवा भरून घेतली, तर १० मीटरवर ती तीन लिटर होते, ३० मीटरवर दीड लिटर. बरगड्यांचा पिंजरा याहून फारसा आक्रसू शकत नाही. तथापि शरीराची एक योजना त्या वेळी ठाऊक नव्हती. चेहऱ्याला थंड पाणी लागून श्वास रोखला जाताच हृदयाची गती मंदावते, हातापायांतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि वाढत्या दाबाबरोबर रक्त छातीकडे सरकून हवेने सोडलेली जागा भरून काढते. प्लीहाही आकुंचन पावून साठवलेल्या तांबड्या पेशी रक्तात सोडते. सील आणि देवमासा यांच्यात हीच व्यवस्था अधिक विकसित स्वरूपात आढळते.

शिक्षणाचा प्रारंभ जमिनीवर, आडवे पडून होतो. श्वास रोखल्यावर जी असह्य तगमग होते ती प्राणवायू संपल्यामुळे होत नाही. रक्तात कार्बन डाय-ऑक्साइड साचल्यामुळे होते. छाती व पोट यांमधील श्वासपटल आचके देऊ लागते, पण त्या क्षणी रक्तात प्राणवायू बराच शिल्लक असतो. म्हणून शिकणाऱ्यास दोन प्रकारचे पाठ देतात. एकात श्वास रोखण्याचा काळ तोच ठेवून मधली विश्रांती क्रमाने कमी करतात, जेणेकरून साचलेल्या वायूची सवय व्हावी. दुसऱ्यात विश्रांती तीच ठेवून रोखण्याचा काळ थोडा थोडा वाढवितात. योगातील कुंभक व उड्डियान बंध यांच्याशी या अभ्यासाचे साम्य सहज लक्षात येते, आणि ते केवळ योगायोगाचे नाही : मायोलने योगाचा अभ्यास केला होता, व रिकाम्या फुफ्फुसांनी पोट आत ओढण्याचा व्यायाम आज अनेक क्रीडापटू छातीच्या लवचीकपणासाठी करतात.

बहुतेकांची प्रगती मात्र श्वासापाशी अडत नाही, ती कानापाशी अडते. पडद्याच्या दोन्ही बाजूंचा दाब सारखा राखला नाही, तर काही मीटरवरच तीव्र वेदना होतात. नाक दाबून छातीने जोर करण्याची सर्वपरिचित रीत खोलवर निरुपयोगी ठरते, कारण ढकलण्यास छातीत हवाच उरत नाही. म्हणून कंठद्वार मिटून, जिभेचा दट्ट्यासारखा उपयोग करून तोंडातील हवा कानाकडे ढकलण्यास शिकवितात. हे कौशल्य साधण्यास काहींना महिने लागतात. घाई करणाऱ्याचा पडदा फाटतो.

वजनाचा पट्टा असा बेततात की सुमारे १० मीटरवर शरीर ना तरंगावे, ना बुडावे. त्याखाली फुफ्फुसे आक्रसत जातात, पाणी वर ढकलेनासे होते आणि पाणबुडा हातपाय न हलविता दगडासारखा खाली जाऊ लागतो. हा सुखाचा भाग; परतताना तेच वजन पायांच्या बळाने वर आणावयाचे असते.

खरा धोका परतीच्या शेवटच्या टप्प्यात असतो. ३० मीटरवर दाब चौपट असल्याने फुफ्फुसांतील प्राणवायूचे प्रमाण पाच टक्क्यांवर आले तरी रक्ताला तो पृष्ठभागावरील हवेइतकाच मिळतो. तीच हवा पृष्ठभागाशी आली की पाच टक्के खरोखरच पाच टक्के ठरतात, आणि शेवटच्या काही मीटरांत, कोणतीही पूर्वसूचना न मिळता, मनुष्य बेशुद्ध होतो. बुडीपूर्वी भराभर खोल श्वास घेतल्यास हा धोका कितीतरी वाढतो. अशा श्वासांनी प्राणवायूचा साठा फारसा वाढत नाही. कार्बन डाय-ऑक्साइड तेवढा निघून जातो, म्हणजेच ‘वर ये’ असे बजावणारी घंटाच काढून टाकली जाते. गावच्या विहिरीत ‘कोण अधिक वेळ बुडून राहतो’ अशी पैज लावणारी मुले नेमके हेच करतात, आणि तेथे खोलीचीही गरज नसते : डोके पाण्याखाली असले की पुरे. शिक्षकांनी हा प्रकार पाहताच थांबविणे आवश्यक आहे.

या कारणास्तव स्पर्धेत कोणीही एकटा उतरत नाही. पाणबुडा दोराला साखळीने जोडलेला असतो, वर येताना रक्षक पाणबुडे त्यास खालीच गाठतात आणि पृष्ठभागावर आल्यानंतरही त्याच्यावरील दृष्टी हटवीत नाहीत, कारण पहिला श्वास घेतल्यावरही शुद्ध हरपू शकते. बेशुद्ध व्यक्तीचे तोंड तात्काळ पाण्याबाहेर धरावे, चष्मा काढावा, गालांवर फुंकर घालून नावाने हाक मारावी. श्वास सुरू न झाल्यास तोंडाने श्वास द्यावा व वैद्यकीय मदत मागवावी.

नियम मोडल्याची वा घाईची किंमत मोठ्यांनाही चुकत नाही. नोव्हेंबर २०१३ मध्ये निकोलस मेव्होली हा अमेरिकन क्रीडापटू डीन्स ब्लू होलमध्ये ७२ मीटरच्या बुडीतून वर आला आणि फुफ्फुसांच्या इजेने दगावला. त्याच वर्षी स्थिर पाण्यात नऊ मिनिटे दोन सेकंद श्वास रोखणारी रशियाची नतालिया मोल्चानोवा ऑगस्ट २०१५ मध्ये स्पेनच्या फॉर्मेंतेरा बेटाजवळ, स्पर्धा नसताना मारलेल्या बुडीतून परतली नाही.

स्पर्धेत केवळ खोली गाठून भागत नाही. तळाच्या तबकडीवरील खूणपट्टी घेऊन वर यावे लागते. त्यानंतर पंधरा सेकंदांच्या आत चेहऱ्यावरील साधने काढून, बोटांनी खूण करून, ‘मी ठीक आहे’ असे पंचांना सांगावे लागते. हा क्रम चुकला वा शुद्ध हरपली तर पंच तांबडे पत्र दाखवितात आणि बुडी रद्द होते. सर्व यथासांग झाल्यास पांढरे.